भेंडेकोंडच्या गाळ्यातली अठ्ठेचाळीस माणसं

डिलाईल रोडवरच्या आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्याला एकतीस नंबरची खोली आहे. तिच्या दारावर गावाचं नाव लिहिलंय, भेंडेकोंड. माझी खोली बरोबर समोर, मधे फक्त पॅसेज. कुणाला पत्ता सांगायचा तर मी ‘भेंडेकोंडच्या गाळ्यासमोर’ एवढंच सांगते, आणि पोस्टमनसुद्धा तेवढ्यावर येतो. त्या खोलीत सीताराम मोहिते राहतात. वय शहात्तर. उंच, जरासे वाकलेले, बोलायला कमी, आणि चहाला नाही म्हणालेले मी तरी कधी ऐकले नाहीत. मी त्यांना भाऊ म्हणते, ते मला आक्का म्हणतात. मी त्यांच्यापेक्षा चार वर्षांनी लहान आहे, पण हे त्यांच्या लक्षात आणून देऊन आता काय उपयोग?

गाळा म्हणजे काय ते हल्लीच्या पोरांना सांगावं लागतं. रत्नागिरीकडच्या एकेका गावाने मिळून मुंबईत एकेक खोली धरली होती. बायकामुलं गावी, पुरुष गिरणीत. दहा बाय बाराच्या खोलीत चाळीस-चाळीस माणसं राहायची. घाबरू नका, सगळी एका वेळी नसायची. पहिल्या पाळीचे कामाला गेले की रातपाळीचे येऊन त्यांच्याच जागेवर आडवे व्हायचे. भेंडेकोंडचं अंथरूण कधी गार होत नाही, असं आम्ही बायका म्हणायचो. थंडीत ठीक होतं, मे महिन्यातलं विचारू नका.

खोलीत भिंतीला एक लाकडी पाटी आहे, तिच्यावर सगळ्यांची नावं. ज्याचं पाटीवर नाव त्याला एक ट्रंक ठेवायची जागा आणि एक खुंटी. बाप वारला की मुलाने यायचं, गावच्या चार माणसांसमोर बापाचं नाव पुसून आपलं लिहायचं. दुसऱ्यांकडे जमीन वारसाने येते. ह्या लोकांकडे जमीन ती केवढी असणार? म्हणून खुंटी वारसाने यायची.

भाऊ सतराव्या वर्षी इथे आले आणि गिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर लागले. मी बाहत्तर साली लग्न होऊन आले तेव्हा ते कोपऱ्यातल्या सातव्या खुंटीवाले होते. पुढे गिरण्या बंद पडल्या. काही माणसं गावी गेली. बरीचशी बायकामुलं घेऊन दिव्याला, नालासोपाऱ्याला, बदलापूरला गेली, जिथे भाडं परवडेल तिथे. भाऊ राहिले. जिथे साचे चालवले त्याच कंपाउंडात काचेची बिल्डिंग झाली, तिथे त्यांनी लिफ्ट चालवली. गंमत करून म्हणायचे, “आक्का, आधी आडवा धागा, आता उभा.” बायको गावीच राहिली आणि गावीच गेली. तिच्याबरोबर सलग एक महिना ते राहिले असतील तर भरपगारी रजेत. मुलगा राजरत्न आता बदलापूरला असतो.

खोली भाऊंच्या नावावर कशी झाली तेही सांगते. पंचवीस वर्षांमागे निघालं की भाड्याची पावती कुणा एकाच्या नावावर पाहिजे. गावाने बैठक घेतली आणि भाऊंचं नाव दिलं, कारण ते कधी भांडत नसत. भांडणाऱ्याच्या नावावर खोली करू नये एवढी अक्कल गावाला होती.

गिरण्या गेल्या तरी गाळा रिकामा झाला नाही. गावातून केईएमला दाखवायला आलेलं माणूस इथेच उतरतं. नोकरीची परीक्षा द्यायला आलेली मुलगी इथेच अभ्यास करते, आणि भाऊ तेवढा वेळ जिन्यावर जाऊन बसतात. सगळ्यांना भात ते घालतात. खुद्द गावात आता नऊ माणसं उरली आहेत. त्यांतला सगळ्यात तरुण एकसष्ट वर्षांचा, त्याला बाकीचे आठ ‘ए पोरा’ अशी हाक मारतात. शाळा मिटली. फणस माकडं खातात. गाव गेलं कुठे म्हणाल तर रविवारी त्यांच्या गावच्या मंडळाच्या बैठकीला आमच्या पॅसेजमध्ये येऊन बघा. सतरंज्या पुरत नाहीत.

तर गेल्या वर्षी आमची चाळ पाडून टॉवर बांधायचं नक्की झालं. ज्याची खोली त्याला वरती घर. ही बातमी आली आणि भेंडेकोंडच्या बैठकीत कुजबुज सुरू झाली. खोली कागदावर सीतारामची, म्हणजे घर सीतारामचं, म्हणजे पुढे त्याच्या पोराचं, आणि गाव बसलं बोंबलत. तोंडावर कुणी बोललं नाही, पण पॅसेज केवढासा? सगळं ऐकू येतं. तिसऱ्या दिवशी भाऊंनी पांढऱ्या रंगाची डबी आणली आणि स्टुलावर चढून पाटीवरचं एकेक नाव पुन्हा गिरवलं. मी स्टूल धरून उभी होते.

आणि नेमकी त्याच आठवड्यात सर्व्हेवाली आली.

मुलगी चांगली होती, मेघना नाव. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. आधी माझ्याकडे आली, माझी माणसं लिहिली, मग समोर गेली. माझं दार उघडंच होतं.

“आजोबा, खोलीत राहतं कोण कोण? सगळ्यांची नावं सांगा.”

भाऊंनी चष्मा लावला आणि पाटीसमोर जाऊन उभे राहिले. “लिवा.”

पाचसहा नावं झाल्यावर तिने विचारलं, “एकूण किती आहेत?”

“अठ्ठेचाळीस.”

तिने खोलीकडे पाहिलं, मग माळ्याकडे पाहिलं. “अठ्ठेचाळीस माणसं? इथे?”

“एका वेळेला नाय हो,” भाऊ म्हणाले.

तिने सगळी लिहिली. बिचारीचं बोट दुखलं असेल. मी तिला चहा दिला. खरं सांगायचं तर मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. पन्नास वर्षं मीही त्या खोलीत अठ्ठेचाळीसच मोजत आले होते.

दीड महिन्याने खाली यादी लागली. माझी नात प्रिती बघून आली आणि चप्पल न काढताच आत आली. “आजी, आपली खोली पात्र आहे. पण एकतीस नंबर अपात्र लिहिलाय. ‘कुटुंबाचे राहते घर नाही, सामूहिक वसतिस्थान’ असं कारण दिलंय.”

“म्हणजे काय गं?”

“म्हणजे लॉज.”

मी तशीच समोर गेले. भाऊ तांदूळ निवडत होते. त्यांना सांगितलं. पंधरा दिवसांत सुनावणी होती. तिथे पटवून दिलं नाही तर खोली गेली, भाऊंना घर नाही आणि गावाला गाळा नाही. गावचं त्यांचं घर दोन पावसाळ्यांमागे बसलेलं. ह्या वयात माणसाने जावं कुठे?

“भाऊ, तुम्ही अठ्ठेचाळीस नावं कशी काय दिलीत? त्यातले अठरा तर वारलेत!”

“वारलेत. पण त्यांची नावं पुसायला पोरांनी यायला पायजे ना. मी कोण पुसणार?”

“आणि जिवंत आहेत ते? ते राहतात दिव्याला!”

“राहतात तिकडं. आहेत हितलेच.”

मला हसावं की डोकं आपटावं कळेना. “अहो, मी एकटा राहतो, एवढं सांगायचं होतं!”

भाऊंनी ताटातला एक खडा काढला, तो खिडकीतून टाकला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “आक्का, एक नाव जरी गाळलं असतं, तर म्हणाले असते, बघा, म्हाताऱ्याने सुरुवात केली.”

मी पण खडे बघायला बसले.

मंडळाचा सेक्रेटरी विनीत. तो नालासोपाऱ्याला राहतो आणि एका वकिलाकडे कामाला आहे, त्यामुळे तो साधं ‘जेवलात का’ विचारतो तेही नोटीस आल्यासारखं वाटतं. त्याने ऑफिसात जाऊन चौकशी केली. मेलेल्यांचे दाखले लागणार, आणि जिवंत असलेल्या प्रत्येकाने लिहून द्यायचं की मी ह्या खोलीत राहत नाही आणि माझा हिच्यावर हक्क नाही. सोबत आपापल्या घरचं लाइटबिल. मग खोली एकट्या सीतारामची, म्हणजे राहतं घर, म्हणजे पात्र.

आता बघा कशी पंचाईत झाली ती. ज्या गोष्टीची गावाला भीती होती, तीच गावाने आपल्या हाताने लिहून द्यायची होती.

रविवारी बैठक बसली. एकवीस जण आले. त्रिसरण-पंचशील झालं, राजरत्नची बायको वैशाली चहा घेऊन फिरली, आणि विनीत उभा राहिला.

“मी कायद्याचं बोलतो, कुणी मनाला लावून घेऊ नका. आपण सह्या केल्या तर खोली वाचते. बरोबर? पण कुणाची वाचते? सीतारामकाकांची. उद्या टॉवरमध्ये घर मिळालं आणि काकांच्या मागे राजरत्नने आम्हाला दारात उभं केलं नाही, तर आम्ही कुठला कागद दाखवायचा? काका, राग मानू नका.”

“नाय मानला,” भाऊ म्हणाले.

“मानायला हवा होतात,” दिव्याचा एक जण मागून बोलला. “मग भांडून तरी मोकळे झालो असतो.”

कुणी हसलं नाही. भाऊ भिंतीला टेकून बसले होते. ‘सह्या करा’ असं एकदाही म्हणाले नाहीत. दुसऱ्या गावच्या बैठकीत तोंड घालायचं नसतं. मी आपली दारात बसून लसूण सोलत होते. पाव किलो सोलून झाला. घरात लागतो दोन पाकळ्या.

तेवढ्यात गाळ्याच्या आतून आवाज आला. बकुळाकाकीचा. गावात उरलेल्या नऊ जणांपैकी ती एक. दोन दिवसांमागे तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, डोळ्यावर पट्टी बांधून ती आत खाटेवर पडली होती. दुसऱ्या डोळ्यालाही फारसं दिसत नव्हतं.

“विनीत हाय का रं तिथं?”

“आहे काकी.”

“दिसत नाय म्हणून इचारलं. ऐकू सगळं येतं. तुझी आय आजारी होती तेव्हा तीन महिने ह्या खोलीत होती. नालासोपाऱ्याला तुझं घर होतं ना तेव्हा?”

“होतं. पण इथून हॉस्पिटल जवळ पडायचं काकी.”

“बरोबर. आणि तिला पेज कोण भरवी?”

विनीतने हातातले कागद सारखे केले.

“मी सांगत नाय. तू सांग.”

“काका,” विनीत म्हणाला.

“मोठ्यानं बोल. मला डोळ्याचं झालंय, पण मागच्यांचे कान कसे आहेत कुणास ठाऊक.” मग ती उठून बसली असावी, खाट करकरली. “बाईमाणसाने गाळ्यात निजायचं नाय, असा तुमच्या बापांनी कायदा केलेला. माझा घो तीस वर्सं हितं राहिला, मी ही खोली एकदा पण बघितली नव्हती. आता बघायला आले तर डोळ्यावर पट्टी! तो कायदा मोडला कुणी? ह्या सीतारामाने. विनीत, तुझ्या आयशीला आत घेतली त्या दिवशी मोडला. त्याने हक्क बघितला असता तर ती जिन्यात पडली असती. करा काय करायचं ते. मला थेंब घालायची वेळ झाली.”

भाऊ उठले, आत गेले, तिच्या डोळ्यात थेंब घालून परत येऊन आपल्या जागेवर बसले.

मग वैशालीने रिकाम्या कपांचं ताट खाली ठेवलं. सून गरीब स्वभावाची, बैठकीत बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. “एक सांगू का? बाबांच्या मागे हे घर मंडळाचं, असं मृत्युपत्र करा. मंडळ रजिस्टर आहे ना, भाऊजी?”

“आहे,” विनीत म्हणाला.

“मग झालं तर. आमचं नाव कुठेच घालू नका.”

राजरत्नने तिच्याकडे असं पाहिलं की घरी हे बोलणं झालेलं नाही हे सगळ्यांना कळलं. त्याने मान हलवली. उशिरा हलवली, पण हलवली.

“राजा,” भाऊ त्या दिवशी पहिल्यांदा आपणहून बोलले, “तुझं तू सांग. बायकोच्या आड नको.”

“बाबा, बदलापूरला घर आहे मला. पाणी एक दिवसाआड येतं, पण दारावर माझं नाव आहे.” राजरत्नने दाराकडे हात केला. “इथे तुमच्या दारावर तुमचंसुद्धा नाही. मी कसलं मागू?”

विनीतने खिशातून पेन काढलं. “पहिली सही माझी. पण मृत्युपत्र मीच लिहिणार, एकही शब्द इकडेतिकडे नको.”

“तूच लिव रे,” भाऊ म्हणाले, “तुझं अक्षर चांगलं आहे.”

त्या दिवशी एकवीस सह्या झाल्या. सात जण यायचे राहिले होते, त्यांच्या घरी विनीत स्वतः गेला. मेलेल्यांचे दाखले गावातल्या त्या एकसष्ट वर्षांच्या ‘पोरा’ने तालुक्याला चार खेपा मारून आणले. ज्यांचे बाप पाटीवर होते ती मुलं एकेक करून आली, बापाचं नाव ओल्या फडक्याने पुसलं. भाऊंनी नुकतंच गिरवलेलं, लवकर निघेना. एक जण तर रडला. बाप जाऊन अकरा वर्षं झाली होती, पण पुसायचं राहून गेलं होतं ना.

सुनावणीला शेजारीण म्हणून साक्ष द्यायला मीही गेले. नवं लुगडं नेसले होते. साहेब कागद एकेक करून तपासत होते. सगळं जुळत आलं आणि एका नावापाशी त्यांचं बोट थांबलं.

“हे अर्जुन धाकू कोण? ह्यांचा दाखलाही नाही, सहीही नाही.”

भाऊ उभे राहिले. “चौऱ्याऐंशी साली गावी जातो म्हणून निघाला. गावी पोचला नाय.”

“म्हणजे वारले?”

“ते मला ठाऊक नाय.”

“दुसरीकडे कुठे राहतात?”

“ते पण ठाऊक नाय, साहेब.”

विनीतने खालून पाय मारला आणि पुटपुटला, “काका, वारले म्हणा.” भाऊंनी सगळ्यांना ऐकू जाईल असं उत्तर दिलं, “मी कसं म्हणू? ट्रंक आहे त्याची.”

सत्तेचाळीस नावं मार्गी लागली आणि ह्या एकापायी खोली जाणार, असं मी धरूनच चालले. साहेबांनी चष्मा काढला. मला वाटलं, आता ओरडणार. पण त्यांनी हळू विचारलं, “आजोबा, आज त्या खोलीत अर्जुन धाकू राहतात का?”

भाऊंनी विचार केला. बराच केला. एवढा की मला मधे पडून ‘नाही’ म्हणावंसं वाटलं.

“आज नाय राहत,” ते म्हणाले.

“मग तेवढंच लिहून द्या. मेले म्हणू नका, आहेत म्हणू नका.”

भाऊंनी स्वतःच्या हाताने लिहिलं. मग साहेब माझ्याकडे वळले. “तुम्ही किती वर्षं समोर राहता?”

“त्रेपन्न.”

“त्या खोलीत रोज झोपतं कोण?”

“रोज हेच. बाकीचे आजारी पडले की.”

साहेब हसले आणि कागदावर काहीतरी खरडलं. बाहेर आल्यावर मी विनीतला विचारलं, काय लिहिलं रे? तो म्हणाला, “आक्का, मला वकिलाकडे नऊ वर्षं झाली, पण उलटं वाचता येत नाही.”

बारा दिवस गेले. त्या बारा दिवसांत भाऊ आमटीत दोनदा मीठ विसरले आणि एकदा दोनदा घातलं. तेराव्या दिवशी नवी यादी लागली. प्रिती फोनमध्ये फोटो काढून आणते म्हणाली, पण भाऊ ऐकेनात, स्वतः खाली गेले. मी कठड्याला टेकून वरून बघत होते. भिंतीवरच्या कागदावर बोट ठेवून ते ओळ ओळ खाली येत होते. बोट थांबलं. पुन्हा वर गेलं, पुन्हा तिथेच येऊन थांबलं. मग ते जिना चढून आले. मधल्या वळणावर नेहमी दम घ्यायला थांबतात ते थांबले नाहीत.

“आक्का, पात्र.”

एवढंच. आणि माझ्या उंबऱ्यावर बसले. मी आतून गूळ आणून त्यांच्या हातावर ठेवला, अर्धा मी खाल्ला. डॉक्टरने मला मनाई केली आहे, पण डॉक्टर काही डिलाईल रोडला राहत नाही.

पुढल्या रविवारी झाडून सगळे आले. वैशाली आणि विनीतच्या बायकोने वडे-सागोती केली, मी लसूण दिला, तो होताच. मृत्युपत्रावर सह्या झाल्या, विनीतने ते तीनदा वाचून दाखवलं आणि तिन्ही वेळा भाऊ ‘हो’ म्हणाले. मग जेवणं झाली. आणि मी ह्या खोलीत राहत नाही असं सरकारला लिहून दिलेली ती माणसं खोलीत, दारात, पॅसेजभर आडवी झाली आणि घोरायला लागली. विनीत तर उशाला फाइल घेऊन.

मला नळावर जायचं होतं. पाय टाकायला जागा नव्हती. बादली घेऊन मी दारातच उभी. बकुळाकाकीची पट्टी निघाली होती, ती खाटेवर बसून एकेकाकडे बघत होती.

“मेले घोरतात बघ कसे,” ती म्हणाली. “घरी झोप येत नाय वाटतं.”

“हळू बोला वहिनी,” भाऊ म्हणाले, आणि माझ्याकडे बघून हात जोडले. “आक्का, पाणी मागाहून भरा. जरा निजू दे त्यांना.”